सही कोणाची? राजा असतो, पण राज्य करू शकत नाही तेव्हा

अण्णांना अर्धांगाचा झटका आला, त्याच्या अकराव्या दिवशी मी त्यांचा चेक घेऊन दादरच्या एका बँकेत उभा होतो. हॉस्पिटलचं बिल भरायचं होतं आणि पैसे अण्णांच्याच खात्यात होते. चेकवर त्यांनी डाव्या हातानं सही केली होती. सही कसली, शाईत पाय बुडालेली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखं दिसत होतं.

"सही जुळत नाही," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

"त्यांचा उजवा हात गेलाय हो."

"मग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आणा."

"त्यावर पण त्यांचीच सही लागेल ना?"

बाई क्षणभर थांबल्या आणि मग "पुढचा नंबर" म्हणाल्या.

संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधल्या वकील काकांना हे सांगितलं, तर त्यांनी आणखी एक खुंटी पिरगाळली. समजा अण्णांनी गेल्या वर्षीच मला कुलमुखत्यारपत्र करून दिलं असतं. तरी ज्या दिवशी अण्णांचं डोकं चालेनासं झालं, त्या दिवशी ते पत्रही संपलं असतं. १८७२च्या करार कायद्याचं कलम २०१ तसंच सांगतं: मुखत्यारी देणारा वारला किंवा त्याच्या बुद्धीत बिघाड झाला की मुखत्यारी संपते. म्हणजे छत्री आहे, पण पाऊस आला की मिटते.

युरोपातली, जपानमधली, आपल्याकडचीही राजघराणी याच कोड्यावर शेकडो वर्षं डोकं फोडत आलीत. राजा जिवंत आहे, गादी त्याचीच आहे, पण तो राज्य करू शकत नाही. अशा वेळी त्याच्या नावानं जो कारभार करतो तो राजप्रतिनिधी, म्हणजेच रीजंट. बहुतेक वेळा तो राजाचा वारस असतो: मुलगा, भाऊ, नाहीतर काका. इंग्लंडमध्ये अशा एका युवराजाच्या कारकिर्दीवरून त्या सगळ्या काळालाच रीजन्सी म्हणतात, आणि लंडनच्या रीजंट स्ट्रीटला नाव मिळालं तेही त्याच्याचवरून.

राजप्रतिनिधी लागतो अशा वेळा तीन. राजा लहान असतो, राजा परमुलखात अडकलेला असतो, किंवा राजा आजारी असतो. पहिली दोन प्रकरणं त्या मानानं सरळ. लहान राजा आपल्याला चांगला माहीत आहे. नारायणरावांचा खून झाल्यावर बारभाईंनी सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं दिली तेव्हा ते मूल चाळीस दिवसांचं होतं. पाळण्यातला पेशवा कारभार करू शकत नाही हे सांगायला वैद्य लागत नाही. वय हा आकडा असतो, तो पुरा झाला की मुदत संपते. तरी त्यातून भानगडी व्हायच्या त्या झाल्याच. राघोबादादा इंग्रजांकडे गेले आणि १७७५च्या सुरतेच्या तहात मुंबईकर इंग्रजांना साष्टी-वसई देऊ करून बसले. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून वरची सगळी उपनगरं. बोरिवली लोकलला लटकणाऱ्याला हे माहीत नसतं, पण त्याचं स्टेशन एके काळी एका अज्ञान पेशव्याच्या भांडणात पणाला लागलं होतं.

खरी गाठ तिसऱ्या प्रकारात. राजा आजारी आहे, हे म्हणायचं कोणी?

आमच्या घरातलंच बघा. माझा धाकटा भाऊ दुसऱ्या दिवसापासून म्हणत होता, "अण्णांना सगळं कळतंय, डोळ्यांनी उत्तर देतात." ताई म्हणत होती, "काही कळत नाही, उगाच आशा लावू नका." दोघं एकाच खाटेशी उभे राहून एकाच माणसाकडे बघत होते. भावाला बोरिवलीच्या जागेचं काही इतक्यात ठरायला नको होतं आणि ताईला ठरायला हवं होतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. दोघंही खोटं बोलत नव्हते, हेही तितकंच खरं.

१७८८च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या राजाच्या खाटेशी नेमकं हेच चाललं होतं. तिसरा जॉर्ज अखंड बडबडायला लागला, झोपेना, आवरेना. डॉक्टर वॉरन म्हणाले, हे बरं होणारं नाही. डॉक्टर विलिस म्हणाले, होणार. वॉरन युवराजाच्या गोटातले मानले जात, आणि विलिसच्या भरवशावर पंतप्रधान पिट तग धरून होते, कारण युवराज रीजंट झाला असता तर त्यानं पिटना घरी पाठवून आपल्या दोस्ताला, फॉक्सला, आणलं असतं. त्यामुळे लंडनमध्ये राजाची नाडी कोणाला कशी लागते ते त्या माणसाच्या पक्षावर ठरत होतं.

वादही मजेशीर झाला. फॉक्सचा पक्ष एरवी राजाचे अधिकार कापणारा. तोच आता म्हणाला की युवराजाला रीजंट व्हायचा जन्मसिद्ध हक्क आहे, संसदेनं फक्त वेळ ठरवावी. पिट म्हणाले, हक्कबिक्क काही नाही, कोणाला नेमायचं आणि कोणत्या अटींवर ते संसद ठरवेल. अटी महत्त्वाच्या होत्या. रीजंटनं आल्याआल्या आपल्या यारदोस्तांना सरदारक्या वाटल्या, तर बरा होऊन आलेला राजा त्या परत घेणार कशा?

पण मोठा पेच त्याच्याही अलीकडचा होता. रीजंट नेमायचा तर कायदा हवा. कायद्याला राजाची संमती हवी. आणि राजा संमती देऊ शकत असता तर रीजंट लागलाच नसता. दादरच्या बँकेतल्या बाईंनी मला जिथं आणून सोडलं तिथंच १७८८ साली ब्रिटिश संसद उभी होती.

त्यातून जी पळवाट निघाली तिचं मला अजून नवल वाटतं. राजाच्या नावानं एक मोठी राजमुद्रा असते, ती कागदावर उठली की राजाची इच्छा प्रकट झाली असं धरतात. संसदेनं ठरवलं, राजाला काही कळत नसलं तरी ती मुद्रा उठवायची आणि ही संमती राजाचीच मानायची. आपल्या जुन्या कारभाराच्या भाषेत सांगायचं तर धनी बेशुद्ध, शिक्के-कट्यार मात्र शुद्धीवर. त्या खेपेला ते वापरायची वेळ आली नाही. विधेयक लॉर्ड्सच्या सभागृहात होतं तेव्हाच, फेब्रुवारी १७८९मध्ये, राजा बरा झाला आणि युवराजाचा मुखभंग झाला. पण १८१०च्या शेवटी लाडकी मुलगी अमीलिया गेल्यावर तो पुन्हा ढासळला, आणि या वेळी जुनीच युक्ती बाहेर काढून फेब्रुवारी १८११मध्ये कायदा झाला. पहिलं वर्षभर रीजंटच्या हातांना दोरी बांधलेली होती. गंमत अशी की ज्या दोस्तांसाठी युवराजानं बावीस वर्षं वाट पाहिली, त्यांना सत्ता मिळताच त्यानं विचारलंही नाही, बापाचंच मंत्रिमंडळ ठेवलं. बाप बरा झाला तर काय, ही धास्ती त्यामागे होतीच. म्हातारा मात्र विंडसरला आंधळा होऊन आणखी नऊ वर्षं जगला आणि २९ जानेवारी १८२०ला गेला.

आता कोल्हापूर. आपल्या लोकांना टिळक-आगरकरांचा डोंगरीचा तुरुंग माहीत असतो, पण ते तिथं कशासाठी गेले ते विचारलं तर बरेच जण अडखळतात. ते गेले याच प्रश्नासाठी.

कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली युरोपातून परतताना फ्लॉरेन्सला वारले. त्यांच्यामागे चौथे शिवाजी महाराज दत्तक आले, तेव्हा ते लहान मूल होते. मोठे होत असताना त्यांचं डोकं ठिकाणावर नाही असं सरकारी कागद म्हणू लागले. कारभार होता रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हातात. बाहेर कुजबूज अशी की महाराज वेडे नाहीत, त्यांना वेडं ठरवलं जातंय, छळ करून वेडं केलं जातंय. केसरी आणि मराठा ही पत्रं १८८१ सालीच निघाली होती. त्यांनी हा विषय उचलला आणि बर्व्यांच्या नावची म्हणून काही पत्रं पुढे केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला लावला. पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, पण मुंबई हायकोर्टात १८८२च्या जुलैत टिळक आणि आगरकर दोघांना चार-चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात १०१ दिवस त्यांनी डोंगरीत काढले, आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं.

पत्रं खोटी होती म्हणून शंका खोटी होती का? कायद्याच्या दृष्टीनं तो प्रश्नच नव्हता. पण लोकांच्या मनात तो का उठला हे समजतं. ज्यानं ठरवायचं की राजा वेडा आहे, त्याच्याच हातात राजा वेडा असेपर्यंत कारभार राहणार होता. अशा ठिकाणी प्रामाणिक माणसाचंही खरं वाटत नाही. पुढे कागलचे जयसिंगराव आबासाहेब घाटगे रीजंट झाले. महाराजांना नगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. तिथं २५ डिसेंबर १८८३ला, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. वय विशीचं. तीन महिन्यांनी, १७ मार्च १८८४ला, गादीवर दत्तक आले ते रीजंट आबासाहेबांचेच नऊ वर्षांचे चिरंजीव यशवंतराव, म्हणजे आपले राजर्षी शाहू. एरवी वारस रीजंट होतो, इथं रीजंटचा मुलगा वारस झाला. त्यातून महाराष्ट्राचं जे भलं झालं ते झालं, पण विशीतल्या त्या पोराची आठवण फारशी कोणी काढत नाही.

वारसालाच कारभार देण्यात हीच खोच आहे. राजा बरा होऊ नये यात त्याचा फायदा असतो, आणि तोच राजाच्या सगळ्यात जवळ असतो. डेन्मार्कचा सातवा ख्रिश्चन वेडा होता, सही मात्र करू शकत होता, म्हणून तो ज्याच्या ताब्यात त्याचं राज्य. १७८४च्या एप्रिलमध्ये त्याचा सोळा वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच राजसभेत बसला, खिशातून कागद काढला आणि बापाची सही घेऊन जुना कारभार मोडला. सावत्र काका धावला, आणि काका-पुतण्यात राजाला धरून अक्षरशः ओढाओढ झाली. काका-पुतण्या प्रकरणांचा मक्ता फक्त आपल्याकडे नाही हे वाचून बरं वाटलं.

जर्मनीतल्या बव्हेरियाचं प्रकरण याहून काळं. १८८६ साली दुसऱ्या लुडविगला चार मनोविकारतज्ज्ञांनी वेडं ठरवलं, त्याला न तपासता, नोकरचाकरांच्या जबान्यांवरून. १० जूनला काका लुइटपोल्ड रीजंट झाला. १३ जूनच्या संध्याकाळी राजा आणि त्याला वेडं ठरवणारा डॉक्टर गुडेन तळ्याकाठी फिरायला गेले आणि दोघांची प्रेतं पाण्यात सापडली. पुढे गादी आली लुडविगच्या भावाकडे, ओटोकडे. तो खरोखरच वेडा होता. तेव्हा काका रीजंट राहिला तो थेट १९१२मध्ये मरेपर्यंत. त्यानं मुकुट कधी घातला नाही. त्याच्या मुलाला एवढा धीर नव्हता. त्यानं वर्षभरात राज्यघटना बदलून घेतली आणि ओटो जिवंत असतानाच स्वतः राजा झाला.

आणि २००१चं नेपाळ. राजे बीरेंद्र मारले गेले त्या राजवाड्यातल्या गोळीबारानंतर युवराज दीपेंद्र बेशुद्ध होते. वारस म्हणून त्यांना राजा जाहीर केलं आणि काका ज्ञानेंद्र राजप्रतिनिधी. ४ जूनला दीपेंद्र गेले, ज्ञानेंद्र राजा झाले. आमच्या सोसायटीचा वॉचमन तेव्हा नेपाळचा होता. रेडिओ कानाला लावून बसलेला तो एवढंच म्हणाला होता, "साब, राजा को पता ही नहीं चला कि वो राजा है."

यातून शहाणपणाची वाट कोणी काढली? तिचं एक टोक गेटवेला सापडतं. कमानीवर कोरलंय की २ डिसेंबर १९११ला पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी इथं उतरले. हाच जॉर्ज २० जानेवारी १९३६ला सँड्रिंगहॅमला मरणपंथाला लागला होता. कारभारासाठी तात्पुरतं मंडळ नेमायचा कागद घेऊन मंत्री खोलीत आले. सगळं साम्राज्य त्या एका सहीसाठी खोळंबलं. डॉक्टरनं पेन धरायला मदत केली, वेळ गेला, राजानं ताटकळवल्याबद्दल जमलेल्यांची माफी मागितली, आणि शेवटी सहीसारखं काहीतरी उमटलं. मध्यरात्रीच्या जरा आधी तो गेला. गेटवेवरून बोटीत बसताना आता मला ती कोरलेली ओळ दिसत नाही, थरथरता हातच दिसतो.

पुढच्याच वर्षी, १९३७ला, ब्रिटननं कायमचा कायदा केला. राजा मनानं किंवा शरीरानं असमर्थ आहे हे पाच जणांपैकी किमान तिघांनी, डॉक्टरांच्या पुराव्यासह, लेखी जाहीर करायचं. पाच कोण? राजाचा जोडीदार, लॉर्ड चॅन्सलर, कॉमन्सचे सभापती, लॉर्ड चीफ जस्टिस आणि 'मास्टर ऑफ द रोल्स' हे वरिष्ठ न्यायाधीश. यादी पुन्हा वाचा. वारस तीत नाही. ज्याला खुर्ची मिळणार त्याला 'खुर्ची रिकामी आहे' म्हणायचा अधिकार नाही. राजा सावरला तर तेही असंच जाहीर होतं आणि कारभार परत जातो. शिवाय रीजंटला वारसाचा क्रम बदलणाऱ्या कायद्याला संमती देता येत नाही. छोट्या आजारपणासाठी रीजंट लागतच नाही, राजा काही कामं घरच्यांकडे सोपवतो. मे २०२२मध्ये राणी एलिझाबेथ संसदेत जाऊ शकली नाही तेव्हा चार्ल्सनं भाषण वाचलं, ते याच सोयीखाली.

जपाननं १९२१ साली वीस वर्षांच्या हिरोहितोला आजारी बापाच्या जागी नेमलं आणि पाच वर्षं तसं चाललं. पण त्याच हिरोहितोच्या मुलाला, अकिहितोला, म्हातारपणी ही वाट नको होती. २०१६च्या भाषणात त्यांनी सुचवलं की प्रतिनिधी नेमला तरी काम न करू शकणारा सम्राट शेवटपर्यंत सम्राटच राहतो, त्यानं काय साधतं? त्यांच्यासाठी खास कायदा झाला आणि ३० एप्रिल २०१९ला ते पायउतार झाले. सौदीत मात्र १९९५च्या झटक्यानंतर राजे फहद दहा वर्षं नावाला राजे होते, कारभार युवराज अब्दुल्लांचा. तिथं कायद्याचा कीस कोणी पाडला नाही.

बेल्जियमनं तर असमर्थतेचा अर्थच वाकवला. १९९० साली राजे बोदुआँ यांना गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला धर्मबुद्धी आड येत होती. सरकारनं त्यांना ४ एप्रिलला 'राज्य करण्यास असमर्थ' ठरवलं, मंत्र्यांनी कायद्यावर सह्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी संसदेनं त्यांना परत समर्थ केलं. तब्येत ठणठणीत होती.

आपल्याकडे राजा नाही, राष्ट्रपती आहेत. घटनेचं कलम ६५ म्हणतं की राष्ट्रपती आजारामुळे काम करू शकत नसतील तर उपराष्ट्रपती ते करतील. १९८२मध्ये झैलसिंग हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेले तेव्हा हिदायतुल्लांनी केलं. काम करू शकत नाहीत हे ठरवायचं कोणी, ते त्या कलमात लिहिलेलं नाही.

तुमच्याआमच्यासाठी? कोमातल्या माणसाचा पालक नेमायला आपल्याकडे सरळ कायदा नाही. नातेवाईक घटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात जातात, आणि कोर्ट वैद्यकीय अहवाल मागवून, घरच्यांचं म्हणणं ऐकून पालक नेमतं. ज्या मुंबई हायकोर्टानं टिळक-आगरकरांना डोंगरीला पाठवलं तेच आज ही कामं करतं.

आमच्यावर ती वेळ आली नाही. वकील काकांनीच सांगितलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आजारी खातेदाराचा अंगठा चालतो, हाताचा नसेल तर पायाचाही. दोन साक्षीदार हवेत, त्यातला एक बँकेचा. मी परत गेलो, मॅनेजरसाहेबांना भेटलो, आणि दुसऱ्या दिवशी बँकेचा एक तरुण ऑफिसर शाईचं पॅड घेऊन घरी आला. दुसरी साक्ष वकील काकांची. ताई आणि भाऊ, दोघांनाही त्यांनी खोलीबाहेर उभं केलं.

हॉलंडचा तिसरा विल्यम १८८९च्या एप्रिलमध्ये असमर्थ ठरला होता, महिन्याभरात उठून बसला आणि कारभार परत घेतला. अण्णांना सात महिने लागले. गणपतीच्या आधी एका सकाळी ते खुर्चीत बसले, चहा मागितला, चष्मा मागितला, मग पासबुक मागितलं. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

"हे पंधरा हजार," जड जिभेनं ते म्हणाले, "कोणी काढले?"